वाड्यातले भूत काय म्हणते

मराठी सिनेमातल्या वाड्यात भूत असले की ते बहुतेक वेळा मालकाचेच असते. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ या २००४ सालच्या सिनेमात ते इनामदार भुसनळ्यांचे आहे. दिलीप प्रभावळकरांनी हा इनामदार असा उभा केला आहे की मरणामुळे त्याच्या रुबाबात तसूभर फरक पडलेला नाही. सोबत विजय चव्हाणांचा किरकिरे आहे, बाब्या आहे. म्हणजे मेल्यावरही गोतावळा शाबूत आहे. वाडा माझा, इथे उतरलेली तरणी पोरे उपरी, अशी त्याची सरळ समजूत, आणि सिनेमातला सारा दंगा या समजुतीतून उभा राहतो. मला ते भूत फार आवडते. ते नुसते नरडी दाबायला आलेले नाही. त्याचे काही म्हणणे राहून गेले आहे आणि ते ऐकायला घरात कुणी उरलेले नाही.

पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला इनामदार म्हणजे तमाशापटातले पात्र वाटते. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या औराद तालुक्यात तो शब्द अजून जमिनीच्या जुन्या कागदांत आणि कोर्टाच्या दाव्यांत भेटतो. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, १९५५ च्या सुमारास इनामे रद्द करणारा कायदा आला, आणि जमिनीचे धनी बदलत गेले. इनाम गेले तरी वाडा राहिला. एवढी मोठी ओसरी झाडायला माणूस परवडेना. मुले हैदराबादला, लातूरला, पुण्याला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. भावाभावांत वाटणीचा दावा पडला की दाराचे कुलूप पिढीभर निघत नसे. सिनेमात इनामदाराचे भूत झाले ते फार नंतर. गावोगावचे इनामदार जिवंतपणीच वाड्यापुरते उरले होते.

आमचे संतपूर बिदरहून औरादला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका अंगाला महाराष्ट्राची हद्द, दुसऱ्या अंगाला तेलंगणाची, गाव कर्नाटकात. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर, तिकडे नारायणखेड आणि जहिराबाद हे सगळे बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला या जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या, नात्यांच्या मात्र करता आल्या नाहीत. त्यामुळे आमच्याकडे एकाच लग्नाच्या पंगतीत मामा मराठी बोलतो, आत्याचे मालक तेलुगू बोलतात, व्याही कन्नड, आणि आचारी सगळ्यांना दखनीत दम देतो. भुताच्या विनोदी सिनेमाविषयी लिहायला बसले की मला आधी ही पंगत आठवते, कारण असा सिनेमा एकट्याने बघायचा नसतो, आणि आमच्या घरी तो बघायला बसायची तेव्हा माणसे एका भाषेची नसायची.

पण त्याआधी वाड्याविषयी सांगायला हवे. आमच्या भागातला जुना वाडा म्हणजे पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, आणि वर मातीचे माळवद. दारातून शिरले की ढेलज, मग चौक, मग ओसरी, मग एकाआड एक अंधाऱ्या खोल्या. खिडक्या कमी, उजेड वरच्या सवण्यातून येणार. भिंतीच्या पोटात बळद. धान्य साठवायची ती कोंदट जागा, तोंड वर आणि अरुंद. बळद तळाला लागले की घरातले सर्वांत बारके पोर आत उतरवून उरलेली ज्वारी भरून घेत. ज्याला लहानपणी बळदात उतरवले आहे त्याला भीती म्हणजे काय ते निराळे समजवावे लागत नाही. अंगणात किंवा गावाबाहेर जमिनीत खणलेले पेव. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचे, कारण मिटलेल्या धान्याच्या वाफेने आत विषारी हवा धरलेली असते आणि उतरलेला माणूस बघता बघता कोसळतो. पेवाने माणूस धरला, असे म्हातारे म्हणत. धरणारे काय होते ते शाळेत विज्ञान शिकल्यावर कळते, पण धरलेला माणूस मात्र खराच मेलेला असे.

आणि रिकाम्या वाड्यात आवाज तर असतातच. दिवसभर तापलेली तुळई रात्री निवताना कडकन बोलते. माळवदाच्या पोकळीत उंदीर धावतात. आणि मग येते गव्हाणी घुबड. पांढरा चपटा चेहरा, उडताना पंखांचा अजिबात आवाज नाही, आणि ओरडणे असे की कुणी बाई किंचाळली वाटावे. ओस पडलेल्या घरांच्या कोनाड्यांतून ते अंडी घालते. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या हडळी ही गव्हाणी घुबडे असतील असे मला खात्रीने वाटते. शेतातले उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे केवढे भले करते हेही इथे सांगून ठेवते, कारण भुताच्या नावाने त्याला दगड मारणारी पोरे मी पाहिली आहेत.

हे सगळे कळूनही एक गोष्ट उरते. कुलूप लावलेल्या घराविषयी विचारले की मोठी माणसे एकच वाक्य बोलत: “तिकडं जाऊ नको, तिथं कायतरी हाय.” काय आहे, कुणाचे आहे, कधीपासून आहे, याचे उत्तर नाही. १९४८ साल आमच्या जिल्ह्यात घरे ओस पाडून गेले. आधी रझाकारांच्या धाकाने लोक हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला पळाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोरटा या गावात माणसे कापली गेली. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर सूड मुसलमान कुटुंबांवर निघाला, ज्यांतल्या बहुतेकांनी कुणाचे काही बिघडवलेले नव्हते. या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडच्या जोडीला बिदर आणि गुलबर्गा होते. तो अहवाल कितीतरी वर्षे लोकांपुढे आलाच नाही. घरांनीही तसेच केले. जे बोलता येत नव्हते त्यावर ‘तिथं कायतरी हाय’ एवढे झाकण ठेवले आणि पोरांना दुसऱ्या वाटेने शाळेत धाडले. भीतीच्या गोष्टीचे हे एक काम असते. ती माणसाला एका दारापासून लांब ठेवते.

हसवणारी भुताची गोष्ट याच्या नेमके उलट करते. ती त्याच दारातून सगळ्या घराला आत नेते.

‘पछाडलेला’ आमच्याकडे उदगीरहून आणलेल्या सीडीवर आला. तेव्हा गावात रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. ओसरीत सतरंज्या टाकलेल्या, पुढे पोरे, मागे बायका, खुर्चीवर माझे वडील अप्पा, आणि भिंतीला टेकून आज्जी व अव्वा. आज्जी वडिलांची आई, तिची भाषा मराठी. अव्वा आईची आई. ती आळंदच्या बाजूची, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातली, आणि तिची भाषा कन्नड. दोघींना एकमेकींचे सगळे कळे, पण बोलताना दोघी आपापल्या भाषेला धरून असत. सिनेमातला वाडा पडद्यावर आला तसे आज्जीने आधी तो तपासला. ढेलज कुठे, माजघर कुठे, एवढ्या मोठ्या वाड्याला बळद कसे नाही. वाडा कोकणात आहे की घाटावर यावर अप्पांचे आणि तिचे थोडे वाजलेही. मग इनामदार प्रकट झाला आणि पोरे किंचाळून मागे सरकली, कुणी अव्वाच्या मांडीवर, कुणी थेट खुर्चीखाली. आणि ऐन रंगात वीज गेली.

अंधारात क्षणभर कुणी बोलले नाही. मग सगळी ओसरी एकदम हसायला लागली. हे असे हसणे मी पुढे चांगल्या चित्रपटगृहांतही ऐकलेले नाही. कंदील आला. वीज येईपर्यंत करायचे काय, म्हणून आज्जीने त्या रात्री पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या बंद घराची हकिकत सांगितली: तिथे कोण राहत होते, त्यांच्या घरातली बाई तिला कशी जरीच्या चिंध्या बाहुलीसाठी द्यायची, आणि एका रात्री ती माणसे गाडी जुंपून कशी गेली. ‘तिथं कायतरी हाय’ म्हणणारी आज्जी हीच. सांगून झाल्यावर ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, “त्या इनामदाराचं तरी काय चुकलंय? बिचारं कवापासून बोलायलंय. ऐकायलंय का कुणी?” वीज आल्यावर सिनेमा पुढे चालू झाला, पण अप्पा बराच वेळ तिच्याकडेच बघत होते.

त्या एका प्रश्नात मला या जातीच्या सिनेमाचा सगळा गाभा दिसतो. निव्वळ भयपटात भुताचा नाश करायचा असतो. मंत्र, अंगारा, आग, काहीही चालते. सहकुटुंब बघायच्या विनोदी भयपटात भुताला बोलायला मिळते. त्याची काहीतरी इच्छा असते, अपुरे काम असते, सांगायचे राहिलेले असते. जिवंत माणसे आधी घाबरतात, मग धडपडतात, मग वैतागतात, आणि शेवटी ऐकायला बसतात. हसू येते ते या मधल्या सगळ्या फजितीचे. ऐकून घेण्याआधी माणूस किती पळतो, त्याचे ते हसू आहे.

२००४ साली आमच्या घरात दोन भुते आली. एक मराठी होते, दुसरे कन्नड. ‘आप्तमित्र’ हा पी. वासू यांचा सिनेमा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागला आणि सबंध कर्नाटकात तुफान चालला. विष्णुवर्धन, रमेश अरविंद, आणि सौंदर्या. जुना महाल, त्यात राहायला आलेले जोडपे, बंद खोली, आणि त्या खोलीतली नागवल्ली नावाची नर्तकी. अव्वाने हा सिनेमा मान हलवत पाहिला. सौंदर्या त्याच वर्षी १७ एप्रिलला बंगळुरूजवळच्या विमान अपघातात गेली होती. सिनेमा तिच्या मागे प्रदर्शित झाला. मेलेल्या नर्तकीने झपाटलेली बाई रंगवणारी नटी स्वतः या जगात नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. शेवटच्या नाचाच्या वेळी अव्वाच्या तोंडून एवढेच निघाले, “अय्यो पाप.” ते नागवल्लीसाठी होते की सौंदर्यासाठी, तिला विचारायचा धीर कुणाला झाला नाही. ‘पछाडलेला’त छोट्या भूमिकेत दिसलेले लक्ष्मीकांत बेर्डेही त्याच वर्षी १६ डिसेंबरला गेले. पुढे टीव्हीवर तो सिनेमा लागला की त्यांच्या प्रवेशाला घरातली मोठी माणसे हसता हसता गप्प होत आणि पोरांना कारण कळत नसे.

‘आप्तमित्र’ची मूळ गोष्ट केरळातली. फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ’ हा मल्याळम सिनेमा १९९३ चा, लेखन मधू मुट्टम यांचे. त्यातल्या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथून ती गोष्ट कन्नडमध्ये आली, २००५ मध्ये तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ झाली, २००७ मध्ये प्रियदर्शन यांनी हिंदीत ‘भूल भुलैया’ केला. आता यातली एक गोष्ट बघा. मल्याळम सिनेमातली नर्तकी तमिळ बोलते. कन्नड सिनेमातली तेलुगू बोलते. तमिळ सिनेमातलीही तेलुगूच बोलते. हिंदीतली मंजुलिका बंगाली बोलते. प्रत्येक वेळी वाडा आपला आणि त्यात कोंडलेली बाई शेजारची. कुणा राजाने, जमीनदाराने तिला परमुलखातून आणले, नाचवले, मारले, आणि तिची भाषा तेवढी त्या भिंतींत राहिली. शेकडो मैलांवरच्या चार चित्रपटसृष्टींनी ही गोष्ट उचलली आणि चारही ठिकाणी भुताच्या तोंडी शेजाऱ्याची भाषा घातली, याला मी योगायोग मानत नाही. आपल्या घरात आपल्या हातून ज्याचे वाईट झाले तो बहुतेक करून परभाषेतलाच असतो, कारण घरच्याची कैफियत निदान कुणाला तरी कळलेली असते.

ही गोष्ट मराठी वाड्यात घडली असती तर ती बाई कुठली भाषा बोलली असती? आमच्या ओसरीत यावर खूप चर्चा झाली होती. अव्वाचे म्हणणे कन्नड. शेजारच्या चाचींचे म्हणणे दखनी, कारण नाचगाण्याचा सगळा कारभार तेव्हा त्याच भाषेत. आज्जी म्हणाली, कुठली का असेना, मला कळली असती. संतपुरात जन्मलेल्या बाईला हे म्हणायचा पुरा हक्क आहे.

‘मणिचित्रताळ’च्या या कथेत आणखी एक थोर गोष्ट आहे. तिथे खरे भूत नाहीच. घरातल्या सुनेचे मन दुभंगले आहे आणि ती स्वतःला ती नर्तकी समजते. मानसोपचारतज्ज्ञ येतो. पण तोसुद्धा तिला ‘हे सगळे खोटे आहे’ असे सांगत बसत नाही. तो त्या नर्तकीचे म्हणणे खरे धरतो. तिला ज्याचा जीव घ्यायचा आहे त्याच्या जागी बाहुला ठेवून तिचा सूड पुरा होऊ देतो, आणि मग बाई मोकळी होते. विज्ञानाच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टीतही उपाय शेवटी ऐकून घेण्याचाच निघाला. ‘भूल भुलैया’च्या २०२२ च्या दुसऱ्या भागात खरीखुरी भुते आली आणि माझ्या मते गोष्ट तिथेच उतरली. गंमत भरपूर आहे, पण ज्याच्यामुळे अव्वाच्या डोळ्यांत पाणी आले होते ते त्यात नाही.

मराठीत भुताविषयीची ही माया फार आधीपासून आहे. १९८२ चा ‘एक डाव भुताचा’ आठवा. दिग्दर्शक रवी नमाडे, लेखन द. मा. मिरासदारांचे, हेडमास्तर म्हणून ते स्वतः पडद्यावरही आहेत. भित्रा मास्तर दिलीप प्रभावळकर आणि त्याला भेटलेले भूत अशोक सराफ. हे भूत जुन्या काळातला शिपाईगडी आहे आणि त्याला या भेदरट मास्तराची कणव येते. मिरासदारांच्या खेड्यात भूत हा गावकऱ्यांपैकीच एक असतो. त्याची टवाळी होते, त्याच्या नावावर गप्पा खपतात, वेळ पडली तर तो कामालाही येतो. ‘भुताचा जन्म’ ही त्यांची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना भूत नेमके कुठे तयार होते ते ठाऊक आहे: चार माणसांच्या बोलण्यात. शहरातल्या लेखकाला हे इतके सहज जमले नसते.

दिलीप प्रभावळकरांची या बाबतीतली वाटचाल मला मोठी नवलाची वाटते. १९८२ मध्ये ते भुताला भिणारे मास्तर होते. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये ते तात्या विंचू झाले आणि रामदास पाध्यांच्या बाहुल्याला त्यांनी आवाज दिला. २००४ मध्ये ते स्वतः भूत झाले. आणि २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी म्हणून आले, जवळजवळ सिनेमाभर एकट्या मुन्नालाच दिसणारे; त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘शेवरी’ आणि या भूमिकेसाठी मिळाला. त्या गांधीजींना कुणी भूत म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण मेलेला माणूस एका टपोरी पोराशी निवांत बोलतो आहे, पोरगा आधी पळतो आणि मग ऐकतो, ही रीत तीच आहे. भीती, आवाज, देह, आणि मग बोलणे: एका नटाच्या २४ वर्षांत हा सगळा रस्ता आहे. यंत्राने केलेले भूत असे चालू शकत नाही. २०२४ चा ‘मुंज्या’ मला आवडला, आदित्य सरपोतदारांनी कोकण मनापासून दाखवले आहे, पण त्यातला मुंजा संगणकावर घडवलेला आहे आणि त्याच्या डोळ्यांत बघून मला त्याची दया करता येत नाही. नट समोर असला की येते.

विनोदी भयपटाला ‘पोरासोरांचे’ म्हणून बाजूला टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही. तो करायला भयपटाहून अवघड आहे. पाच वर्षांच्या पोराला रात्री झोप लागली पाहिजे, आज्जीला मान खाली घालायची वेळ येता कामा नये, आणि तरी मधे एकदा तरी सगळ्यांच्या अंगावर काटा यायला हवा. मोहरीच्या फोडणीसारखे आहे ते, जरा पुढे गेले की सगळे जळते. म्हणून तिथे भडक रक्त चालत नाही आणि अंगविक्षेपांवरचे स्वस्त हशेही चालू नयेत. झपाटलेला माणूस बायकी चालतो, तोतरे बोलतो, यावर आपल्या सिनेमांनी फार हशे वसूल केले आहेत. ते आता पुरे व्हावेत. तोतरे बोलणारे पोर त्या सतरंजीवरही बसलेले असते.

शेजाऱ्याच्या मेलेल्या माणसाचे ऐकायची आमच्या जिल्ह्याला सवय आहे. बिदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत १४३६ मध्ये वारलेल्या अहमदशहा वलीची कबर आतून फारसी अक्षरांनी आणि सोन्यारंगांच्या नक्षीने भरलेली आहे. त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे जंगम येतात. लिंगायत भक्त त्या कबरीला अल्लमप्रभूंचे स्थान मानून नारळ वाहतात आणि मुसलमान फातिहा पढतात. एकाच मेलेल्या माणसाला दोन नावांनी हाका मारतात आणि कुणाला त्यात अडचण वाटत नाही. अव्वा या उरुसाला जाऊन आलेली होती. मी तिला विचारले होते, तो नक्की कोण गं? तिने नारळाची वाटी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “आपला पाव्हणा.”

बिदरच्या मातीतला एक असा सिनेमा कुणीतरी करावा, ही माझी खरी इच्छा आहे. वाडा शोधायला लांब जायला नको. औराद, भालकी, कमलनगर, कुठेही माळवदाचा वाडा मिळेल, बळदासकट. भूत मात्र इनामदाराचे नको. निजामाच्या वेळच्या एखाद्या मुनशीचे असावे, जमिनीची दप्तरे लिहिणाऱ्या. आमच्याकडे त्या काळचे जमिनीचे कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. ज्यांची जमीन त्यांच्या नातवंडांना त्यातले अक्षर लागत नाही. तर हा मुनशी एका कागदासाठी अडकलेला आहे. त्याने मरायच्या आधी कुणाच्या तरी जमिनीची नोंद खरी करून ठेवली होती आणि तो कागद बळदात राहिला. वाड्याचे आताचे वारस पुण्याहून वाडा विकायला येतात. मुनशी रोज रात्री कागद घेऊन उभा. पोरे पळतात. मुनशी अदबीने पाठीमागे, “मियाँ, एक मिनिट, एक मिनिट.” मांत्रिक आणतात तर तो तेलुगू, त्याचे मंत्र मुनशीला कळत नाहीत आणि तो त्याला अर्ज नीट लिहून आणायला सांगतो. तालुक्याच्या कचेरीतला कारकून येतो, तो कन्नड; कागद बघून म्हणतो, हे आमच्या नमुन्यात नाही. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणारे म्हातारे निवृत्त उर्दू मास्तर येतात. चष्मा पुसतात. भुताला बसायला सांगतात. आणि वाचायला लागतात: सर्वे नंबर, चतुःसीमा, पूर्वेला ओढा, पश्चिमेला बाभूळ, आणि मग त्या कुळाचे नाव.

त्या नावाची बाई मागे अंगणात, विकत घेणाऱ्यांसाठी चहा करत उभी असावी. तिची भूमिका आमच्याच भागातल्या एखाद्या नटीने करावी, म्हणजे ‘काय म्हणायलाव तुमी?’ हे वाक्य तिच्या तोंडी बरोबर बसेल. आणि पहिला खेळ औरादला अमरेश्वराच्या यात्रेत, उघड्यावर, पडदा बांधून व्हावा. तिकीट ठेवले तरी चालेल, फक्त म्हाताऱ्यांना पुढे बसू द्यावे, त्यांना मागून ऐकू येत नाही.